पैसे वर्ग झाले, मालकाचं काय?

वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एकाच साच्याच्या जाहिराती दिसू लागतात. बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, मग ‘भागधारकांस सूचना’. ज्यांनी सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नाही त्यांचे शेअर ‘गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी’कडे वर्ग होतील, दावा असल्यास अमुक तारखेपूर्वी कळवावं. शेजारी कुणाच्या तरी फ्लॅटचे हरवलेले कागद, खाली एखाद्या जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस. ज्याच्यासाठी ही जाहिरात दिली तो ती वाचेल अशी अपेक्षा देणाऱ्यालाही नसते. तिचं कात्रण मात्र फाइलला लागतं.

कंपन्या हा कायदा मोडतात अशी माझी तक्रार नाही. मोठ्या, नोंदणीकृत कंपन्या तो बऱ्यापैकी चोख पाळतात. तक्रार ही आहे की तो चोख पाळूनही पैसा मालकाच्या हाती पडत नाही, आणि कायद्याला त्याचं काही वाटत नाही. ‘पालन’ म्हणजे काय, याची व्याख्याच चुकली आहे. रक्कम सरकारी निधीत वेळेवर पोचली की पालन झालं. माणूस सापडला की नाही, हे कुणी विचारत नाही.

कंपनी कायद्याची १२३ आणि १२४ ही कलमं वाचली तर वेळापत्रक कडक आहे. लाभांश जाहीर झाल्यावर पाच दिवसांत ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकायची, तीस दिवसांत भागधारकांना द्यायची. जी कुणी घेतली नाही ती पुढच्या सात दिवसांत ‘अनपेड डिव्हिडंड अकाउंट’मध्ये. त्यानंतर नव्वद दिवसांत नावं, शेवटचे ठाऊक असलेले पत्ते आणि रकमा यांची यादी वेबसाइटवर. खात्यात पैसे टाकायला उशीर झाला तर वर्षाला बारा टक्के व्याज. सात वर्षं पैसे पडून राहिले की ते व्याजासकट आयईपीएफमध्ये, म्हणजे त्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. २०१३ च्या कायद्याने यात मोठी भर घातली. सात वर्षं सलग लाभांश घेतला नसेल तर तो लाभांशच नव्हे, मूळ शेअरही निधीच्या नावावर जातात.

ही भर कागदावर साधी वाटते, पण प्रमाण बघा. नव्वदच्या दशकात घेतलेले पन्नास शेअर बोनस आणि विभाजन होत होत कुठल्या कुठे गेलेले असतात. लाभांशाचे चेक शे-दोनशे रुपयांचे, कपाटात पडून बाद झालेले. त्या शे-दोनशेंच्या पायी काही लाखांची मालमत्ता माणसाच्या नावावरून उतरते. सात वर्षांत एकदा जरी लाभांश वटवला असता तर शेअर वाचले असते. हे कितीजणांना ठाऊक असतं?

निधी हे शेअर विकत नाही, सांभाळून ठेवतो, मतदानाचा हक्क तेवढा गोठवतो. दावा सिद्ध झाला की शेअर परत मिळतात. अमेरिकेत अनेक राज्यं ताब्यात आलेले शेअर विकून मोकळी होतात आणि मग मालकाला विक्रीच्या दिवशीच्या भावावर समाधान मानावं लागतं. त्या मानाने आपला कायदा सभ्य आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण या सभ्यतेमागे एक जुना, मुंबईतला झगडा आहे आणि तो विसरल्याने सगळा घोटाळा झाला आहे. १९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. गिरणीतला कामगार सुगीला गावी जायचा, कधी परत यायचा, कधी यायचा नाही. त्याचा राहिलेला पगार, बोनस, उपदान गिरणीच्या वहीत पडून राही. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांनी ते मागण्याचा हक्क बुडाला की ती रक्कम गिरणीमालकाच्या खिशात. कायद्याने सांगितलं, तीन वर्षं न दिलेला पैसा कल्याण निधीत भरा. गिरणीमालक कोर्टात गेले. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात डिसेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न दिलेल्या रकमांबद्दलची ती तरतूद रद्द केली.

निकाल गिरणीमालकांच्या बाजूने लागला म्हणून तो कामगारांच्या विरोधातला समजण्याचं कारण नाही. बेवारस मालमत्तेच्या अमेरिकी कायद्यांचा आढावा घेऊन न्यायालयाने जे म्हटलं त्याचा मथितार्थ असा, की अशा कायद्याचं पहिलं काम खऱ्या मालकासाठी मालमत्ता सांभाळणं हे आहे. मालक पुढे आलाच नाही तर मग सरकार. मालकाच्या दाव्याची दखलच न घेता मालमत्ता थेट सरकारच्या हवाली करणारा कायदा हा बेवारस मालमत्तेचा कायदाच नव्हे. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती झाली, नोटीस आणि दावा यांना जागा मिळाली, आणि आज महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे कारखान्यांनी अशा रकमा भरायच्या असतात.

आता हीच फुटपट्टी शेअरच्या कायद्याला लावा. १९५६ च्या कायद्यात १९९९ साली आयईपीएफ घुसवला तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं की एकदा रक्कम निधीत गेली की ना कंपनीवर दावा चालेल, ना निधीवर. सात वर्षं झाली, संपलं. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने गिरणी कामगाराच्या बाबतीत जे नाकारलं, तेच चाळीस वर्षांनी भागधारकाच्या बाबतीत राजरोस झालं. २०१३ च्या कायद्याने दावा पुन्हा जिवंत केला, २०१६ मध्ये आयईपीएफ प्राधिकरण उभं राहिलं, अर्ज आले, मुदती आल्या. हक्क परत आला. पण कंपन्यांची सवय १९९९ ची ती १९९९ चीच राहिली. वर्ग करा आणि मोकळे व्हा.

सवय बदलेल तरी कशी? शेअर वेळेवर वर्ग केले नाहीत तर कंपनीला एक लाख रुपये दंड, चूक चालू राहिली तर पुढे दिवसाला पाचशे, कमाल दहा लाख. जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा. मालकाला शोधलं नाही तर काय? तीन महिने आधी शेवटच्या पत्त्यावर पत्र, एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात, वेबसाइटवर यादी. एवढं केलं की शोध संपला. पत्र ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आलं तरी चालतं. खरं तर परत आलेलं पाकीट फाइलमध्ये असलं की कंपनी सेक्रेटरीला बरंच वाटतं, पत्र पाठवल्याचा तो पुरावा असतो.

तो शेवटचा पत्ता कसला असतो हेही पाहण्यासारखं आहे. लालबाग-परळच्या चाळीतली खोली, जिथे आज टॉवर उभा आहे. सरकारी वसाहतीतलं क्वार्टर, जे निवृत्तीनंतर सोडलं. ‘केअर ऑफ’ मामा. आणि सगळ्यांत हताश करणारा प्रकार म्हणजे मुली. वडिलांनी हौसेने लेकीच्या माहेरच्या नावाने शेअर घेतले, आणि लग्नानंतर आपल्याकडच्या रिवाजाने तिचं आडनाव तर बदललंच, पहिलं नावही बदललं. कंपनीच्या वहीतली बाई आणि आधार कार्डावरची बाई यांच्यात जुळणारं काही उरलंच नाही.

माझ्या आत्याची फाइल मी जवळून पाहिली आहे. सही जुळत नाही, म्हणून बँकेच्या मॅनेजरकडून साक्षांकित करून आयएसआर-२ फॉर्म. मॅनेजर म्हणतो, तुमचं खातं नव्या नावाने, मी जुन्या नावाची सही कशी ओळखू? लग्न ऐंशीच्या दशकातलं, नोंदणी कुणी केली नव्हती. मग दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, मग कंपनीच्या भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारचं पत्र की प्रतिज्ञापत्रावर मधलं नाव पूर्ण लिहिलेलं नाही. हे सगळं झाल्यावर कंपनीकडून हक्क मान्य केल्याचं पत्र मिळवायचं, मग निधीकडे दाव्याचा आयईपीएफ-५ अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि त्याची कागदी प्रत कंपनीच्या नोडल ऑफिसरला पोस्टाने पाठवायची. नियमाप्रमाणे कंपनीने तीस दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा आणि प्राधिकरणाने तो मिळाल्यावर साठ दिवसांत निकाल. पण घड्याळ सुरू होण्याआधीची धावाधाव कुठल्याच नियमात मोजलेली नाही.

आता याच मालमत्तेच्या मागे असलेल्या एजंटाकडे पाहा. कंपन्या वेबसाइटवर ज्या याद्या टाकतात त्या तो मन लावून वाचतो. नाव, जुना पत्ता, शेअरची संख्या. मग फोन येतो: ‘तुमच्या आजोबांच्या नावावर काही शेअर आहेत, कुठल्या कंपनीचे ते आधी करार केलात की सांगतो.’ मिळेल त्यातला ठरावीक टक्का त्याचा. मला या धंद्याचं कौतुक नाही, त्यातले काही सरळसरळ भामटे आहेत. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कंपनीला सात वर्षांत न सापडलेला वारस या माणसाला फोन, फेसबुक आणि ओळखीपाळखीवर सापडतो. कारण त्याला माणूस सापडला तर पैसे मिळतात. कंपनीला माणूस सापडला काय, न सापडला काय, सारखंच.

कंपन्यांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि त्यातला निम्मा भाग खरा आहे. खोटी आधार कार्डं, खोटे वारस, बनावट सह्या करून बेवारस शेअर लाटल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत, त्यात आतल्या माणसांनी माहिती पुरवल्याचेही. कंपनी सेक्रेटरीने ढिलाई दाखवली तर उद्या खरा मालक येऊन त्यालाच कोर्टात खेचेल. म्हणून तो प्रत्येक कागदावर आणखी एक कागद मागतो. शिवाय कंपनीने ही रक्कम स्वतःकडेच ठेवावी हा तर पर्यायच नाही, गिरण्यांच्या वह्यांनी ते शिकवलं आहे. ‘लोकांनीच जागरूक राहायला नको का?’ हा प्रश्नही येतो. राहायला हवं. पण ऐंशी वर्षांच्या विधवेने नवऱ्याच्या हयातीत कुठल्या कुठल्या कंपन्यांचे अर्ज भरले गेले याची जागरूकता कुठून आणायची?

खोट्या दाव्यांची भीती हे मात्र दाव्याच्या वेळी कडक राहण्याचं कारण आहे, आधी न शोधण्याचं नव्हे. या दोन गोष्टी सरसकट मिसळल्या जातात.

एक उदाहरण देतो, ज्यात माणूस हरवलेलाच नसतो. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या. पुढच्या १ एप्रिलला सिंडिकेट, ओरिएंटल, युनायटेड, आंध्र, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका इतर बँकांत विलीन झाल्या. आयएफएससी बदलले. डिमॅट खात्याला जोडलेला जुना तपशील ज्यांनी बदलला नाही त्यांचा लाभांश परत जाण्याची वाट मोकळी झाली. या माणसाचा पॅन डिमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे आहे, मोबाइल आहे, ईमेल आहे, तो रोज शेअर घेत-विकत असेल. कायद्याच्या लेखी मात्र तो आणि १९७८ साली गेलेला, पिनकोडशिवायचा पत्ता ठेवून गेलेला भागधारक एकाच रांगेत. दोघांचा लाभांश ‘न घेतलेला’.

त्यात शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने आणखी भर घातली. कागदी प्रमाणपत्रं असलेल्यांनी पॅन, पत्ता, बँक तपशील, सहीचा नमुना असं सगळं दिल्याशिवाय १ एप्रिल २०२४ पासून लाभांश दिलाच जात नाही. हेतू चांगला आहे, चेक हरवणं आणि चोरीला जाणं थांबलं. पण रोखून धरलेला हा लाभांश न घेतलेल्या खात्यातच जमा होतो, आणि सात वर्षांचं घड्याळ चालूच असतं. २०३१ च्या सुमाराला यातल्या कित्येकांचे शेअर निधीकडे जायला लागतील. त्यातल्या कुणाचा पत्ता बदललेला नसेल, कुणी मेलेलं नसेल, फक्त फॉर्म अर्धा राहिलेला असेल. यांना ‘मालक सापडत नाही’ म्हणायचं?

कायदा नुसता आणखी कडक केला की प्रश्न सुटेल असं वाटणाऱ्यांनी अमेरिकेकडे, त्यातही डेलावेअरकडे पाहावं. तिथे प्रत्येक राज्याचा बेवारस मालमत्तेचा कायदा आहे आणि तो फक्त लाभांशापुरता नाही. न वटलेले पगाराचे चेक, ग्राहकांच्या नावावर उरलेल्या रकमा, कित्येक ठिकाणी गिफ्ट कार्डंसुद्धा. मालकाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यात, त्या राज्याचा पहिला हक्क. पत्ताच नसेल तर कंपनीची नोंदणी ज्या राज्यात, त्या राज्याचा. हे सूत्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये घालून दिलं. असंख्य बड्या कंपन्यांची नोंदणी डेलावेअरमध्ये असल्याने पत्ता नसलेला पैसा तिकडे वाहत गेला, आणि या चिमुकल्या राज्याच्या तिजोरीचा तो एक मोठा आधार बनला. मग खाजगी लेखापरीक्षक नेमून दशकानुदशकं मागे जाऊन तपासण्या, आणि वह्या सापडल्या नाहीत तर अंदाजाने रक्कम ठरवणं. टेम्पल-इनलँड कंपनीच्या खटल्यात २०१६ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशाने या पद्धतीवर इतके कोरडे ओढले की पुढच्याच वर्षी राज्याला कायदा बदलावा लागला. अंदाजाने ठरवलेल्या रकमेला मालक कुठून असणार? तिथे पालन जोरात होतं, पण ते तिजोरीचं. तो रस्ता आपल्याला नको.

आपल्याकडे सरकारला याची जाणीव नाही असं नाही. पत्रकार सुचेता दलाल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर २०२२ मध्ये केंद्राला नोटीस निघाली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बेवारस ठेवी शोधण्यासाठी ‘उद्गम’ पोर्टल सुरू केलं. त्याआधी जूनपासून प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक बँकेने आपल्या मोठ्या शंभर बेवारस ठेवींचे मालक शंभर दिवसांत शोधायची मोहीम झाली. मार्च २०२४ अखेर बँकांच्या दावा न केलेल्या ठेवी ७८,२१३ कोटींवर पोचल्या होत्या. जून २०२५ मध्ये सेबी आणि आयईपीएफ प्राधिकरणाने पुण्यात ‘निवेशक शिबिर’ भरवलं, एकाच छताखाली रजिस्ट्रार, कंपन्या आणि दावेदार. ऑक्टोबरात अर्थमंत्र्यांनी गांधीनगरहून ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ मोहीम सुरू केली आणि दावा न केलेल्या आर्थिक मालमत्तेचा १.८४ लाख कोटींचा आकडा दिला.

यातली शंभर ठेवींची मोहीम मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात पहिल्यांदा ‘शोधा’ असं म्हटलं गेलं आणि बँकेने किती शोधले हे मोजलं गेलं. बाकी शिबिरं चांगली आहेत, पण ती पैसा निधीत गेल्यानंतरची मलमपट्टी आहे. शेअरला एक पोर्टल, ठेवींना दुसरं, विम्याला तिसरं, म्युच्युअल फंडांना चौथं, आणि वारसाने आधी ओळखायचं की आजोबांनी कुठला दरवाजा वापरला होता.

कायद्याने मागायला हवं ते फार नाही. ज्या भागधारकाचा पॅन डिपॉझिटरीकडे आहे त्याचे शेअर निधीकडे पाठवताच येऊ नयेत. त्याच्या पॅनशी जोडलेलं चालू खातं शोधून लाभांश तिथे टाकायचा, किमान मोबाइलवर त्याच्या भाषेत निरोप पाठवून पोच घ्यायची. फॉर्म अर्धा राहिलेल्यांचं सात वर्षांचं घड्याळ थांबवायचं. लहान रकमांसाठी स्वयंघोषणा आणि हमीपत्र पुरेसं मानायचं. २०२१ नंतर काही अटी सैल झाल्या, तशाच आणखी करता येतील. लग्नानंतरच्या नावबदलासाठी तर एक ठरलेला फॉर्म हवा, ज्यावर दोन्ही नावं, माहेरच्या एका नातेवाइकाची सही आणि बस्स.

आणि ज्या रकमा कुठल्याच कायद्यात बसत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. कॉलेजच्या कॉशन मनीपासून डीलरच्या डिपॉझिटपर्यंत, धंद्यांच्या वह्यांत जुनी देणी वर्षानुवर्षं पडून असतात. मग एखाद्या मार्चला ‘राइट बॅक’ करून ती उत्पन्नात दाखवली जातात, त्यावर कर भरला की सगळे खूश. इथे तर वेबसाइटवर यादीसुद्धा नाही. गिरणीच्या वहीत १९५३ पूर्वी जे चालायचं तेच हे, फक्त कामगाराच्या जागी ग्राहक आणि विद्यार्थी.

पण आधी शेअरचं बोलू, कारण तिथे यंत्रणा उभी आहे आणि काम थोडं आहे. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात आज निधीकडे किती रक्कम, किती शेअर वर्ग केले याचा तपशील असतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना सक्तीचा करा: वर्ग करण्याआधी किती भागधारक शोधून त्यांची रक्कम त्यांना दिली, आणि त्यासाठी काय केलं. कंपन्या म्हणतील, एवढी आकडेवारी कोण ठेवणार? रजिस्ट्रार पाठवलेल्या पत्रांचं बिल कंपनीला लावतोच. कुणाला पत्र गेलं आणि कुणाचं उत्तर आलं, याची नोंद त्याच्याकडे आधीपासून आहे.